कोणत्या शाळेवर?

२३ नोव्हेंबर २०२५, रविवार. शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजे टीईटीचा, दुसरा पेपर (सहावी ते आठवीसाठीचा) दुपारी अडीचला होता आणि मी बीडच्या केंद्रावर बारालाच जाऊन बसले होते, कारण आमच्या गावाहून सुटणाऱ्या सकाळच्या एसटीनंतर पुढच्या गाडीचा भरवसा नाही. आत पहिला पेपर चालू होता. फाटकाबाहेर लिंबाच्या झाडाखाली पंचवीस-तीस जण बसलेले. कुणी डबा सोडलेला, कुणी गाईडमध्ये बोट घालून डोळे मिटलेले. एक बाई तान्हं लेकरू नणंदेच्या मांडीवर देऊन ओठातल्या ओठात पियाजेच्या बालविकासाच्या अवस्था घोकत होती.

माझ्या शेजारी पन्नाशी ओलांडलेले एक सर होते. केस निम्मे पांढरे, खिशाला दोन पेन, पायात पॉलिश केलेले बूट. भाकरीचा तुकडा मोडता मोडता त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही कोणत्या शाळेवर?"

आमच्याकडे शिक्षकाला पहिल्यांदा हेच विचारतात. कुठं शिकवता, काय शिकवता, हे नंतर. आधी माणूस कोणत्या शाळेवर आहे ते कळलं पाहिजे. मी म्हणाले, "शाळेवर नाही सर. घरीच असते." त्यांनी मान हलवली, ठेच्याची डबी माझ्याकडे सरकवली आणि विषय बदलला. चांगला माणूस होता. पण माझ्याच तोंडून निघालेलं "घरीच असते" मला पुढं पेपर सुटेपर्यंत टोचत राहिलं, कारण ते खरं नव्हतं. त्या दिवशी पहाटे साडेपाचला मी एकतीस लेकरांना हातच्याची वजाबाकी फळ्यावर लिहून देऊन एसटी पकडली होती.

सर परीक्षेला का आले होते ते सांगायला हवं. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्यांची पाच वर्षांहून अधिक नोकरी शिल्लक आहे, त्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. त्यामुळे यंदा पावणेपाच लाखांच्या आसपास अर्ज आले. सर १९९९ पासून जिल्हा परिषदेत. सव्वीस वर्षं शिकवल्यावर त्यांच्या हातात नोकरी टिकवायचं हॉल तिकीट होतं आणि माझ्या हातात नोकरी मिळवायचं. एकाच झाडाच्या सावलीत आम्ही एकच पुस्तक चाळत होतो. त्यांचे हात थरथरत होते, माझे नव्हते. मला सवय आहे. ही माझी सातवी-आठवी परीक्षा असेल, आता नीट आठवतही नाही.

मी डीएडला गेले २००६ साली. बारावीला ७१ टक्के पडले तेव्हा घरात दुसरा विचारच नव्हता. गावात आधी झालेल्या दोन मुली जिल्हा परिषदेला लागलेल्या. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं तीन हजारांवर काढायची आणि मग आयुष्यभर पूर्ण पगार, हे गणित आमच्या आण्णांना पाठ होतं. त्यांनी दोन म्हशींतली दुभती विकली. उरलेले पैसे मामानं दिले, अजून परत मागितले नाहीत.

पांढरी साडी, निळे काठ. त्या साडीतल्या आम्ही मुली एसटीत चढलो की कंडक्टर "बाई, पुढं सरका" म्हणायचा. अठरा वर्षांची मी, अजून एक पाठ घेतलेला नव्हता, आणि लोक मला बाई म्हणायला लागले होते. त्या शब्दानं आण्णांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी नंतर कुठल्याच गोष्टीनं आणू शकले नाही.

आमचं कॉलेज एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. लग्नसराईत खाली बँड वाजायचा आणि वर आमचं सूक्ष्म अध्यापन चालायचं, सहा मिनिटांचा पाठ, समोर वर्गातल्याच पाच मैत्रिणी विद्यार्थी म्हणून. ग्रंथालय म्हणजे कुलूप लावलेली दोन कपाटं. तेव्हा असली कॉलेजं तालुक्यातालुक्यात निघत होती. पुढं २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षक-शिक्षणावर आयोग नेमायला लावला, त्याच्या मुळाशी आपल्याच राज्यातल्या २९१ डीएड कॉलेजांच्या मान्यतेचं प्रकरण होतं, आणि तपासणीत त्यातली बहुसंख्य अपात्र ठरली. हे वाचलं तेव्हा मला त्या कुलूपबंद कपाटांची आठवण झाली. किती मुलांना शिक्षक करायचं आणि किती शाळांना शिक्षक लागणार आहेत, याचा हिशेब कुणीतरी एका कागदावर मांडायला हवा होता. मान्यता देणारे वेगळे, प्रवेश देणारे वेगळे, जागा भरणारे वेगळे. म्हैस मात्र आमच्या गोठ्यातली गेली.

तरीही त्या दोन वर्षांना मी वाईट म्हणणार नाही. तिथं गणिताचे एक सर होते. सेवानिवृत्त, कॉलेजात मानधनावर येणारे. माझ्या सराव पाठाला मागच्या बाकावर बसून ते निरीक्षण वहीत लिहायचे. एकदा मी तिसरीच्या मुलाचं उत्तर चुकल्यावर लगेच फळ्यावर बरोबर उत्तर लिहिलं. त्यांनी हेतुकथन, फलकलेखन, प्रश्नकौशल्य सगळ्याला बरे गुण दिले आणि खाली लाल शाईत लिहिलं, "पोरगं चुकलं तर त्याला आधी विचार, तू हे कसं काढलंस." ती वही माझ्याकडे अजून आहे. दशक-एकक शिकवायला मी ज्वारीच्या धाटांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधून नेल्या होत्या, त्याचं चित्रही त्या पानावर आहे. छात्रसेवाकालात पूर्ण पंधरा दिवस एक वर्ग माझ्या हातात होता. शेवटच्या दिवशी एका मुलीनं मला दोन बोरं दिली आणि म्हणाली, "बाई, उद्यापासून येणार नाहीत?" मला त्या दिवशी कळलं की मला हेच काम करायचं आहे. आण्णांचं गणित वेगळं होतं, माझं तेव्हापासून वेगळं झालं.

२०१० च्या उन्हाळ्यात शिक्षणसेवक भरतीची सीईटी झाली. मी थोड्या गुणांनी मागे राहिले. वाईट वाटलं, पण धास्तावले नाही, पुढच्या वर्षी पुन्हा निघेल असं सगळेच म्हणत होते. त्याच वर्षी १ एप्रिलला शिक्षण हक्क कायदा लागू झालेला. प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा म्हणजे जागा वाढणारच, असं आमच्या मैत्रिणींच्या टोळीत ठरून गेलं होतं.

मग आली पटपडताळणी. ऑक्टोबर २०११ मध्ये तीन दिवस राज्यभर एकाच वेळी मुलं मोजली. एक मूल दोन शाळांत दाखवता येऊ नये म्हणून बोटाला मतदानाची शाई लावली. नांदेडमध्ये आधी तसं करून पाहिलं होतं. पटावर लाखो नावं होती आणि ती मुलं वर्गात नव्हती. बोगस पटावर शिक्षक, बोगस पटावर अनुदान, बोगस पटावर खिचडीचे तांदूळ. मी आजही म्हणते की ती मोजणी बरोबरच होती, उलट आधी व्हायला हवी होती. पण तिचा भार कुणावर पडला? ज्या संस्थांनी नावं घुसडली त्यांच्या इमारती जागच्या जागी आहेत. पट कमी झाला म्हणून शिक्षक अतिरिक्त ठरले, अतिरिक्तांचं समायोजन, म्हणजे दुसऱ्या शाळांत सोय, होईपर्यंत नवी भरती नको असं ठरलं आणि २ मे २०१२ च्या निर्णयानं दारं बंद झाली. एवढ्या मोठ्या बंदीसाठी आम्ही काय केलं होतं? आम्ही तर अजून पटावर यायचे होतो.

त्या वर्षांत आमच्या बॅचच्या मुली एकेक करत शाळा सोडून इतर ठिकाणी उगवू लागल्या. एक अंगणवाडी मदतनीस झाली, डीएड असून. एक औषधाच्या दुकानात. मुलांपैकी एक फायनान्सच्या वसुलीला, दोघं पुण्यात अभ्यासिकेत राहून पोलीस भरती आणि तलाठी. एक जण पेट्रोल पंपावर. त्यानं मला एकदा गाडीत पेट्रोल भरताना ओळखलं, पण बोलला नाही. पाईप लावताना नुसता म्हणाला, "झिरो बघा मॅडम." मी "अरे" म्हणेपर्यंत तो मागच्या गाडीकडे गेला होता.

माझं लग्न २०११ च्या मे महिन्यात झालं होतं. तेव्हा बाजारात "डीएड झालेली" या दोन शब्दांना वजन होतं. हुंड्यात सूट मिळायची, मलाही मिळाली. बंदी आल्यावर सासूबाईंनी तोंडानं कधी काही काढलं नाही, पण भावकीतल्या बायका "तुमच्या सूनबाईचं कधी होतंय?" असं विचारायच्या तेव्हा त्या उठून चुलीकडे जायच्या.

नवरा एमए बीएड. विनाअनुदानित माध्यमिक शाळेवर. या शब्दाची गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगूनही खरी वाटत नाही. आधी त्यांच्या शाळेच्या मान्यतेत "कायम विनाअनुदानित" असं लिहिलेलं होतं. २००९ मध्ये शासनानं त्यातला "कायम" शब्द काढला. एक शब्द निघाला म्हणून त्या संध्याकाळी त्यांच्या स्टाफनं पेढे वाटले होते. पगार मात्र शून्यच राहिला. २०१६ मध्ये वीस टक्के अनुदानाचा, म्हणजे पगाराचा पाचवा हिस्सा शासनानं द्यायचा, निर्णय झाला, त्याच्या यादीत त्यांची शाळा बसायला आणखी काही वर्षं गेली. मग वीसचे चाळीस, चाळीसचे साठ. दर टप्प्याला आझाद मैदान. पावसाळ्यात प्लास्टिकचा कागद आणि चादर घेऊन हे मुंबईला जायचे, आठ-आठ दिवस. आमच्यात शिक्षकाची ओळख टक्क्यांनी करून देतात. "ते वीस टक्क्यांवर आहेत", "हे चाळीसवर आले". मुलांना शिकवायचं मात्र पहिल्या दिवसापासून शंभर टक्के. दहावीचा निकालही त्यांचाच, गणपतीच्या वर्गणीच्या यादीत "सर" म्हणून पहिलं नावही त्यांचंच, आणि घरात तेल आणायचे पैसे कृषी सेवा केंद्रात रविवारी बिलं फाडून.

मी २०१३ च्या जूनमध्ये तालुक्याच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत लागले. मुलाखतीत मला काही शिकवून दाखवा असं म्हटलं नाही. विचारलं, "किती अपेक्षा आहे?" २८०० वर ठरलं. सात वर्षांनी मी सोडली तेव्हा ५५०० होते. तिथं दोन मस्टर होते. एकावर आम्ही रोज सही करायचो. दुसरा तपासणीला बाहेर यायचा, त्यात माझ्या नावापुढे असलेला आकडा मी पाहिला त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बँकेत खातं उघडून दिलं होतं, एटीएम कार्ड ऑफिसात जमा. हे सगळ्यांना माहीत होतं. पालकांनाही. कुणी काही बोलत नव्हतं, कारण बोललेल्या जागेवर दुसऱ्या दिवशी दुसरी डीएड उभी असायची, २५०० वर.

तिथली लेकरं गोड होती. पहिलीचा वर्ग सलग पाच वर्षं माझ्याकडे. मी त्यांना "ॲपल" आधी आणि "आंबा" नंतर शिकवायची, तशी सक्त ताकीद होती. पण गणिताला मी गुपचूप मराठीत यायची आणि दप्तरातून धाटाच्या जुड्या काढायची. ज्या वर्गाला मी वाचायला शिकवलं त्यातली एक मुलगी यंदा बारावीला आहे, डॉक्टर व्हायचं म्हणते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली. जूनपासून मी माझ्या फोनवर, माझ्या नेटपॅकवर शिकवत होते. पगार आला नाही, एकाही महिन्याचा नाही. दिवाळीनंतर मी जाणं सोडलं आणि अनुभवाचं प्रमाणपत्र मागितलं. क्लार्क म्हणाला, "मॅडम, तुमचं अप्रूव्हल कुठंय? तुम्ही रेकॉर्डला नाहीत." सात वर्षं. रोजच्या आठ तासिका. आणि रेकॉर्डला मी नाही.

मधल्या काळात एक संस्था अनुदानित जागेसाठी विचारत होती. बारा लाख, निम्मे आधी. सासरे अर्धा एकर काढायला तयार झाले. ती जमीन वाचली ते माझ्या तत्त्वामुळे नव्हे, हे मला इथं कबूल करायचं आहे. गिऱ्हाईक दहाच्या पुढं सरकलं नाही आणि तोवर जागा दुसऱ्याला गेली. पैसे जमले असते तर मी दिले असते. आज त्या जागेवरची मुलगी भेटली की मला तिचा राग येत नाही. तिच्या बापाचं शेत गेलं, एवढंच मनात येतं.

टीईटी परीक्षेच्या पहिली ते पाचवीच्या पेपरला मी पहिल्यांदा बसले ती १५ डिसेंबर २०१३ ची, राज्यातली पहिलीच. १५० पैकी ९० हवे, मला ८६ पडले. पुढच्या वर्षी ९३. प्रमाणपत्राला मुदत सात वर्षांची. मी २०२१ ची वाट भीतभीत पाहिली, भरती न निघताच पात्रता संपणार म्हणून. त्या वर्षी ती मुदत आजन्म झाली तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. डिसेंबर २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी, २०० गुणांची, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलसाठी. त्यावरची भरती २०१९ मध्ये. सुमारे बारा हजार जागांची जाहिरात, त्यातल्या निम्म्याच्या आसपास पहिल्या यादीत भरल्या. पुढची चाचणी २०२३ च्या फेब्रुवारीत, तिची जाहिरात पुढच्या फेब्रुवारीत, २१ हजार ६७८ जागांची. दोन्ही वेळा माझ्या प्रवर्गाची यादी माझ्या वर कुठेतरी थांबली. त्या यादीत खालपर्यंत बोट सरकवत जाणं, आपलं नाव नाही हे कळल्यावरही पुन्हा वरून सुरू करणं, हे ज्यांनी केलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

आणि या सगळ्याच्या मध्ये घोटाळा निघाला. जानेवारी २०२० ला झालेल्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचं पुणे पोलिसांनी २०२१ च्या डिसेंबरात उघडकीस आणलं आणि पुढं साडेसात हजारांवर उमेदवार अपात्र ठरले. ज्यांनी एकेक गुण घासून मिळवला त्यांचं काय झालं हे कुठं छापून आलं नाही. पिठाच्या गिरणीत एका बाईनं मला सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्ही बी भरलेच असतील की पैसे?" मी पीठ न घेता घरी आले. माझा ९३ हा आकडा मला तोवर दागिन्यासारखा वाटायचा.

आता ते पहाटेचं.

शाळा सोडल्यावर मी घरामागच्या पत्र्याच्या शेडात मुलं घ्यायला लागले. आमचं गाव ऊसतोडीचं. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या येतात आणि अर्धं गाव कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मोठी पोरगी धाकट्याला सांभाळायला सोबत जाते आणि तिची शाळा तिथंच सुटते. मागं राहतात ती आजीपाशी. त्यांच्यासाठी शासनाची हंगामी वसतिगृहं असतात, जिथं वेळेवर सुरू होतात तिथं मुलं टिकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण सगळीकडे वेळेवर होत नाहीत. माझ्याकडे यंदा एकतीस आहेत. महिन्याला दीडशे रुपये, ज्यांना जमतं त्यांनी. दोघींच्या आज्या ज्वारी देतात. पाचवीत गेलेलं पोरगं वजाबाकी करत नाही, कारण दरवर्षी तो दिवाळी ते गुढीपाडवा फडात असतो आणि हातचा नेमका तेव्हाच शिकवला जातो.

गावच्या जिल्हा परिषद शाळेत चार वर्गांना दोन शिक्षक. एक जण बहुतेक दिवस माहिती भरण्यात आणि बैठकीत. २०२३ च्या जुलैत निवृत्त शिक्षकांना महिना वीस हजारांवर परत बोलवायचं ठरलं, वय सत्तर होईपर्यंत. ज्यांना पेन्शन आहे त्यांना. तो निर्णय वाचून त्या दिवशी मी पहिल्यांदा मोठ्यानं रडले, स्वयंपाक तसाच टाकून. निवृत्त सरांवर माझा राग नाही. माझ्या गणिताच्या सरांसारखे असतील तर त्यांनी सत्तरीनंतरही यावं. पण शेजारच्या घरात पस्तीस वर्षांची, पास झालेली, शिकवणारी बाई बसलेली असताना शासनाला ती दिसत नाही, याचं काय करायचं?

पुढच्या वर्षी युवा कार्यप्रशिक्षणाची योजना आली. माझ्या नणंदेला, बीएड, दहा हजारांवर सहा महिन्यांसाठी त्याच शाळेत पाठवलं. मला वयामुळे अर्ज करता आला नाही, मर्यादा पस्तीसची. ती रोज संध्याकाळी माझ्याकडून दुसऱ्या दिवसाचा पाठ काढून न्यायची. तिला पहिली-दुसरी दिली होती. शिकाऊ म्हणून पाठवलेली पोरगी पूर्ण वर्ग सांभाळत होती, आणि तिनं वर्ग चांगला सांभाळला. मुदत वाढून पाच महिने आणखी मिळाले आणि मग एका शुक्रवारी संपली. सोमवारी पहिलीतली लेकरं आमच्या दारात आली, "ताईबाई का नाहीत आल्या?"

बेरोजगार म्हणतात आम्हाला. मोर्चाच्या बातमीत, निवेदनाच्या मथळ्यावर, आम्ही स्वतःसुद्धा, "डीएड-बीएड बेरोजगार". मी या शब्दाला आता नाही म्हणते. २००८ पासून आजवर मी एक वर्षही न शिकवता काढलेलं नाही. नवऱ्यानं काढलेलं नाही, नणंदेनं काढलेलं नाही. या राज्यातली किती लेकरं आमच्यासारख्यांनी अडीच हजारांत, साडेपाच हजारांत, शून्य टक्क्यांत, दीडशे रुपयांत शिकवलीत याची मोजणी झाली तर बोटाला लावायला शाई पुरणार नाही. काम होतं आणि आहे. ते आमच्याकडून करूनही घेतलं जातंय. फक्त त्याची नोंद कुठल्याच मस्टरवर नाही, आणि जूनमध्ये मला अडतीस पूर्ण झाले की खुल्या प्रवर्गातून अर्ज करायचीही सोय राहणार नाही.

पेपरला अजून तासभर होता. सरांनी चष्मा पुसत पुस्तक माझ्यापुढं केलं. "मॅडम, हे वायगॉट्स्कीचं काही डोक्यात शिरंना. आम्ही शिकलो तवा हे नव्हतं." मी त्यांना विचारलं, सर, तुम्ही पोराला सायकल शिकवताना काय करता? ते म्हणाले, मागून कॅरिअर धरतो. कुठवर? तोल सावरेपर्यंत. मग सोडता? "सोडतो, पण पळत राहतो मागं." मी म्हणाले, हेच आहे ते सगळं पान. त्यांनी पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

पाचला पेपर सुटला. बसस्थानकावर ते पुन्हा भेटले, चहा त्यांनीच घेतला. म्हणाले, "आमच्या सहावी ते आठवीला गणिताची जागा तीन वर्षं झाली रिकामी आहे. मी भाषेचा माणूस, गणित मीच घेतो. नीट येत नाही मला, पोरांना कळतं ते." मी काही बोलले नाही. त्यांची गाडी लागली. चढताना पायरीवर थांबून ते म्हणाले, "तुम्ही घरी असता असं सांगू नका कुणाला, बाई." दुपारभर मॅडम म्हणत होते, तेव्हा बाई म्हणाले.

माझ्या गाडीला गर्दी होती. केजच्या अलीकडे बसायला मिळालं, तेवढ्यात फोन वाजला. सांगलीकडच्या फडावरून एका आईचा. तिची तिसरीतली पोरगी यंदा सोबत गेली आहे. जाताना मी तिला अकरा ते पंधराचे पाढे लिहून दिले होते आणि रविवारी संध्याकाळी फोनवर म्हणून दाखवायचे असं ठरलं होतं. मागं ट्रॅक्टरचा आवाज, कुणीतरी कोपीवर पाचट टाकायला ओरडत होतं.

"बाई, तेराचा म्हणू?"

"म्हण."

"तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक एकोणचाळीस, तेरा चोक बावन्न, तेरा पाचे पासष्ट, तेरा सक अठ्ठ्याहत्तर, तेरा सत्ते त्र्याण्णव..."

"थांब. त्र्याण्णव कसे काढलेस तू?"

ती गप्प झाली. मग बोटं मोजत असावी, कारण आवाज बारीक झाला. "अठ्ठ्याहत्तर अन् दहा... अठ्ठ्याऐंशी. अन् तीन... एकोणनव्वद... नव्वद..."